कॅमेऱ्याचं कलर प्रोफाइल करायचं की नाही? खान्देशातल्या नव्या फोटोग्राफरसाठी

लग्नाचा अल्बम घरी गेला की घरच्या बायका आधी शालू बघतात, नवरीचा चेहरा नंतर. "आमना शालूना हाऊ रंग नही शे, भाऊ," हे वाक्य ऐकलं नाही असा फोटोग्राफर धुळे-जळगाव-नंदुरबारकडे शोधून सापडायचा नाही. आणि हे वाक्य दोन-तीनदा कानावर आलं की नवा मुलगा यूट्यूब उघडतो. तिथे कुणीतरी चोवीस रंगांचा तक्ता हातात धरून सांगत असतो की कॅमेरा प्रोफाइल केल्याशिवाय खरे रंग येतच नाहीत.

तक्त्यावर पैसे घालण्याआधी एवढं समजून घ्या. लग्न, बारसं, वाढदिवस, प्री-वेडिंग अशी कामं करणाऱ्या नव्या माणसाला सुरुवातीला स्वतःच्या प्रोफाइलची गरज नसते. त्याचे रंग बिघडतात ते व्हाइट बॅलन्समुळे (पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून कॅमेऱ्याला उजेडाचा रंग सांगणं), लाइटमुळे आणि मॉनिटरमुळे. प्रोफाइलचा नंबर त्यानंतर लागतो. गरज खरोखर असते ती साड्या-कापडाचे फोटो ऑनलाइन विक्रीसाठी काढणाऱ्याला, एकाच लग्नात दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे चालवणाऱ्याला, आणि चित्रं किंवा जुनी हस्तलिखितं यांच्या नकला काढणाऱ्याला. तुम्ही यात बसत असाल तर पूर्ण वाचा. बसत नसाल तरी पहिल्या चार पायऱ्या वाचा, कारण त्यात फारसा खर्च नाही आणि तुमचं निम्म्याहून जास्त दुखणं तिथेच बरं होईल.

प्रोफाइल म्हणजे काय, ते आधी

सेन्सरवर लाल, हिरवे, निळे असे बारीक फिल्टर बसवलेले असतात. हे फिल्टर प्रकाशाची विभागणी आपल्या डोळ्यासारखी करत नाहीत. त्यामुळे डोळ्याला एकसारखी दिसणारी दोन कापडं कॅमेऱ्याला वेगळी दिसू शकतात, आणि डोळ्याला वेगळी दिसणारी दोन कापडं कॅमेरा एकाच रंगाची करून टाकू शकतो. रॉ फाइलमध्ये असतात ते सेन्सरने मोजलेले आकडे. त्या आकड्यांचा रंग कसा करायचा, याचं गणित म्हणजे प्रोफाइल.

हे गणित प्रत्येक रॉ सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असतंच. ॲडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या कॅमेऱ्यासाठी 'ॲडोबी स्टँडर्ड' असतं, २०१८ पासून 'ॲडोबी कलर' आपोआप लागतं, आणि कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या रंगांची नक्कल करणारी आणखी चार-सहा प्रोफाइलं यादीत असतात. म्हणजे प्रोफाइल लावायचं की नाही, असा प्रश्न कधी नसतोच. तयार प्रोफाइल पुरतं की आपल्या कॅमेऱ्याचं आणि आपल्या लाइटचं वेगळं करायचं, एवढाच प्रश्न असतो.

तयार प्रोफाइलं साधारणपणे दोन प्रकाशांसाठी बांधलेली असतात: एक जुन्या पिवळ्या बल्बचा, सुमारे २८५६ केल्विनचा, आणि दुसरा दिवसाच्या उजेडाचा, सुमारे ६५०० केल्विनचा. मधल्या प्रकाशात सॉफ्टवेअर दोन्हींचा मेळ घालतं. आता मंगल कार्यालयातला स्वस्त एलईडी यातल्या कशातच बसत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्याकडे पुढे येऊ.

पायरी १: रॉमध्ये काढा

जेपेगमध्ये काढत असाल तर रंगांचा निकाल कॅमेऱ्यातच लागलेला असतो. त्यावर नंतर डीसीपी, म्हणजे लाइटरूमला लागणाऱ्या प्रकारचं प्रोफाइल चढत नाही. मेमरी कार्डाची जागा वाचवायची म्हणून अख्खं लग्न जेपेगमध्ये काढणारे आजही आहेत. त्यांनी कॅमेऱ्यातली पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवावी, व्हाइट बॅलन्स जागेवर सेट करावा आणि प्रोफाइलचा विषय सोडून द्यावा.

पायरी २: व्हाइट बॅलन्स, आणि तोही कार्डावरून

इथे मी जरा थांबणार आहे, कारण प्रोफाइलच्या नावाने होणाऱ्या बहुतेक तक्रारी मुळात इथल्या असतात.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत प्री-वेडिंग करायची हौस सगळ्यांना असते. बागेतला प्रकाश पानांतून गाळून येतो, तो हिरवा असतो. आपले डोळे दोन मिनिटांत त्याला सरावतात, कॅमेरा सरावत नाही. नवरीच्या गालावर आणि गळ्याच्या सावलीत हिरवट झाक उतरते. ऑटो व्हाइट बॅलन्स ती घालवायला जातो आणि पुढच्याच फ्रेममध्ये चेहरा गुलाबी करून टाकतो. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर उलटं होतं. खाली पसरलेल्या लाल मिरचीवरून उजेड उसळतो आणि मिरची निवडणाऱ्या बाईच्या हनुवटीखाली, बांगड्यांवर, पांढऱ्या रुमालावर लाली चढते. मांडवात तर वरचं कापड गुलाबी, बाजूचं पिवळं, आणि मधल्या फटीतून मे महिन्याचं ऊन. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात पांढरा नुकरा घोडा झाडाच्या सावलीत उभा करून काढला तर निळा येतो. घोडा घेणाऱ्याला त्याची गुलाबी कातडी दिसायला हवी असते, आणि फोटोत नेमकी तीच दिसत नाही.

यावर उपाय साधा आहे. एक ग्रे कार्ड, म्हणजे निव्वळ करड्या रंगाचं कार्ड घ्या. प्लास्टिकचं, धुता येणारं असलं तर बरं. चेहरा जिथे असणार आहे तिथे कार्ड धरायला सांगा. ते कॅमेऱ्याकडे तोंड करून हवं आणि चेहऱ्यावर पडतो तोच उजेड त्यावर पडायला हवा. एक फ्रेम काढा. हळद अंगणात, लग्न मांडवात, रिसेप्शन स्टेजवर: जागा बदलली की पुन्हा एक फ्रेम. सूर्य ढगाआड गेला तरी पुन्हा एक. नंतर लाइटरूममध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कार्डावर टेकवा आणि तोच आकडा त्या जागेवरच्या सगळ्या फोटोंना द्या.

कार्ड नसेल तर लोक आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर ड्रॉपर टेकवतात. तसं करू नका. नीळ घातलेलं किंवा आजच्या डिटर्जंटमध्ये धुतलेलं पांढरं कापड खरं पांढरं नसतं. डिटर्जंटमधली चमक आणणारी द्रव्यं अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्याला पांढरं धरलं की सगळा फोटो पिवळा पडतो.

कार्ड लावूनही बागेतल्या फोटोत गालाची एक बाजू हिरवी राहते. ते कार्डानेही जात नाही आणि प्रोफाइलनेही जात नाही. तिथे जोडप्याला दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत आणा, नाहीतर पांढरा रिफ्लेक्टर धरा.

पायरी ३: मॉनिटर

दुकानात काउंटरमागे ठेवलेला, पूर्ण ब्राइटनेसवर चालणारा, बाजूला हिरवी भिंत आणि वर थंड ट्यूबलाइट असलेला मॉनिटर. यावर बसून कुणी रंग ठरवत असेल तर त्याच्या कॅमेऱ्याचं प्रोफाइल कितीही अचूक असलं तरी उपयोग शून्य.

तक्त्याच्या आधी मॉनिटर मोजायचं यंत्र घ्या. डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं डिस्प्ले, दोन्ही चालतात. तीन-चार स्टुडिओवाल्यांनी मिळून एक घेतलं तरी भागतं, कारण ते महिन्यातून एकदाच लागतं. व्हाइट पॉइंट ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला, एवढं सेट करा. पहिल्या दिवशी स्क्रीन पिवळी आणि अंधारी वाटेल. दोन दिवस दम धरा. अल्बम काळपट छापून येतात ही तक्रार बहुतेक वेळा लॅबची चूक नसते. तुमचा मॉनिटर जास्त उजळ असतो, म्हणून तुम्ही फोटो दबका ठेवता.

लॅबला फाइल पाठवताना एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीन आणि मशीन धरून चालतात तो रंगांचा आवाका) पाठवा, त्यांनी वेगळं मागितलं नसेल तर. त्याहून मोठ्या आवाक्याच्या ॲडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या मशीनवर गेली की रंग फिके छापून येतात आणि मग शिव्या कॅमेऱ्याला पडतात.

पायरी ४: तुमचा प्रश्न खरंच प्रोफाइलचा आहे का?

ही चाचणी घरी करता येते. चार-पाच कापडं घ्या. त्यात एक राणी रंगाचं, एक मोरपंखी, एक डाळिंबी आणि एक वांगी रंगाचं असू द्या. हे रंग मुद्दाम सांगतोय, कारण कॅमेरे फसतात ते नेमके इथे. शेजारी ग्रे कार्ड ठेवा. उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात, ऊन थेट पडत नसताना, रॉमध्ये फोटो काढा. व्हाइट बॅलन्स कार्डावरून घ्या. मग तीच कापडं त्याच खिडकीजवळ धरून मॉनिटरवरच्या फोटोशी ताडून बघा.

सगळेच रंग एकाच बाजूला सरकले असतील, म्हणजे सगळं पिवळट किंवा सगळं निळसर, तर व्हाइट बॅलन्स चुकलाय. सगळे रंग भडक किंवा सगळे मिळमिळीत दिसत असतील तर लाइटरूममध्ये 'ॲडोबी कलर' बदलून 'ॲडोबी स्टँडर्ड' लावा, किंवा कॅमेऱ्याचं न्यूट्रल प्रोफाइल लावून बघा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं, तेही फुकटात. पण करडं कार्ड करडंच दिसतंय, पिवळं-हिरवं बरोबर आहे, आणि फक्त राणी लालकडे गेलाय किंवा मोरपंखी निव्वळ निळा झालाय, म्हणजे एक-दोन रंगच चुकलेत, तर तो प्रश्न प्रोफाइलचा. आता तक्त्याकडे वळायला हरकत नाही.

पायरी ५: तक्ता आणि त्याचा फोटो

चोवीस चौकोनांचा हा तक्ता १९७६ मध्ये मॅकबेथ कंपनीच्या नावाने आला, पुढे एक्स-राइटकडे गेला आणि आता कॅलिब्राइट या नावाने विकला जातो. अठरा चौकोन रंगीत आणि शेवटच्या ओळीतले सहा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे. पहिले दोन चौकोन माणसाच्या कातडीचे आहेत, एक गडद आणि एक उजळ. पुढे आभाळ आणि पानं आहेत. फोटोत रोज लागणारे रंग धरूनच तो बेतलेला आहे. खिशात मावणारं, मिटणारं पासपोर्ट नावाचं रूप आपल्या कामाला बरं पडतं.

नेटवरून तक्त्याचं चित्र उतरवून फ्लेक्सवाल्याकडून छापून आणायची कल्पना कुणाच्याही डोक्यात येते. काढून टाका. मूळ चौकोन खास रंगद्रव्यांचे असतात आणि कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत यावा हे ठरलेलं असतं. फ्लेक्सच्या चार शाया डोळ्याला तसाच रंग दाखवतील, सेन्सरला नाही. आणि प्रोफाइल करतोय ते सेन्सरसाठी.

सेकंडहँड तक्ता मिळत असेल तर तो कधीचा आहे ते विचारा. नोव्हेंबर २०१४ पासून त्याच्या रंगद्रव्यांत थोडा बदल झाला, त्यामुळे जुन्या आणि नव्या तक्त्याचे संदर्भ आकडे वेगळे आहेत. शिवाय जुना तक्ता उन्हाने विटलेला असू शकतो.

फोटो काढताना तक्ता ज्या लाइटसाठी प्रोफाइल करायचंय त्या लाइटखाली सपाट उभा करा. उजेड चारही कोपऱ्यांवर सारखा पडला पाहिजे. एका कडेचा पांढरा दुसऱ्या कडेच्या पांढऱ्यापेक्षा उजळ दिसला तर जागा बदला. चकाकी नको. आसपास रंगीत भिंत, लाल सतरंजी, तुमचा स्वतःचा भगवा टी-शर्ट, असलं काही तीन-चार फुटांत नको. एक्सपोजर असं ठेवा की पांढरा चौकोन उडणार नाही आणि काळा पूर्ण बुडणार नाही. शंका असेल तर अर्ध्या स्टॉपच्या फरकाने तीन फ्रेम काढा आणि नंतर बरी निवडा. आयएसओ कमीत कमी ठेवा, लेन्सचं ॲपर्चर थोडं बंद करा म्हणजे कडा काळवंडत नाहीत, आणि तक्ता फ्रेमच्या मधोमध, चांगला मोठा येऊ द्या.

स्टुडिओत फ्लॅश वापरत असाल तर घरातल्या ट्यूबलाइट आधी बंद करा. प्रोफाइल ज्या प्रकाशात केलं त्याच प्रकाशाला नीट लागू पडतं, आणि अर्धा फ्लॅश अर्धी ट्यूब हा कुठलाच प्रकाश नाही.

पायरी ६: प्रोफाइल बनवणं

हा भाग दिसतो तेवढा अवघड नाही, चहा होईपर्यंत होतो. रॉ फाइल ॲडोबीच्या फुकट कन्व्हर्टरने डीएनजी (ॲडोबीचा रॉ फाइलचा प्रकार) करा. तक्त्यासोबतच्या कॅलिब्राइटच्या प्रोग्रॅममध्ये ती टाका. चौकोन तो बहुधा स्वतःच ओळखतो. नाही ओळखले तर चार कोपरे हाताने जुळवा. नाव देताना कॅमेरा, लाइट आणि तारीख लिहा. 'नवीन प्रोफाइल २' असलं नाव दिलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच ते काय होतं कळणार नाही. लाइटरूम बंद करून पुन्हा उघडा, प्रोफाइल ब्राउझरमध्ये ते दिसेल.

उघड्यावरही काम करत असाल तर दोन फोटो द्या, एक दिवसाच्या उजेडातला आणि एक पिवळ्या बल्बखालचा. दोन प्रकाशांचं मिळून एक प्रोफाइल तयार होतं आणि ते बऱ्याच ठिकाणी चालतं. साड्यांचं काम करणाऱ्याने मात्र आपल्या त्या एकाच लाइटचं वेगळं करावं.

लाइटरूमऐवजी कॅप्चर वन हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला आयसीसी प्रकारचं प्रोफाइल लागतं, डीसीपी नाही. पैसे भरायचे नसतील तर रॉथेरपी आणि डार्कटेबल ही फुकट सॉफ्टवेअर आहेत. रॉथेरपी डीसीपी वाचतं, आणि डार्कटेबलमध्ये तर रंग जुळवायच्या मॉड्यूलमध्येच तक्त्याचा पर्याय आहे, वेगळा प्रोग्रॅम लागत नाही.

पायरी ७: तपासणी, पण त्याच तक्त्यावर नको

प्रोफाइल लावून तक्त्याचाच फोटो बघायचा आणि खूश व्हायचं, यात काही अर्थ नाही. त्याच चोवीस रंगांवरून ते बेतलंय, तिथे ते बरोबर दिसणारच. चौथ्या पायरीतली कापडं पुन्हा काढा आणि जुन्या-नव्या प्रोफाइलमध्ये ताडून बघा. राणी सुधारला आणि कातडीचा रंग बिघडला, असंही होतं. तसं झालं तर तक्त्याचा फोटो चुकलाय असं धरा आणि पुन्हा काढा. बहुतेक वेळा चकाकी किंवा असमान उजेड सापडतो.

डार्कटेबल डेल्टा-ई नावाचा आकडा दाखवतं, म्हणजे मूळ रंग आणि आलेला रंग यातलं अंतर. एकाच्या आसपासचा फरक जेमतेम डोळ्याला कळतो. सरासरी दोन-तीनपर्यंत आली की थांबा. त्याच्यापुढे खाली आणण्यासाठी रात्री जागवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या गिऱ्हाइकाला काडीचा फरक दिसत नाही, कारण गिऱ्हाईक तो फोटो व्हॉट्सॲपवर, भडक रंगांवर ठेवलेल्या मोबाइलमध्ये बघतं.

प्रोफाइल जिथे हात टेकतं

जळगावात सोन्याच्या दागिन्यांचं काम भरपूर, म्हणून नवे मुलगे प्रोफाइल घेतात ते सोन्यासाठी. तिथेच त्याचा उपयोग सगळ्यात कमी. तक्ता मॅट असतो, सोनं चकचकीत. बांगडीवर दिसतो तो निम्मा सोन्याचा रंग आणि निम्मी आसपासच्या वस्तूंची प्रतिबिंबं. छत पिवळं असेल तर बांगडी नारिंगी, पडदा निळा असेल तर कडेला हिरवट. बावीस कॅरेटची पोत पितळेसारखी दिसते ती कॅमेऱ्यामुळे नाही. दागिन्याभोवती बटर पेपरची भिंत करा, लाइट त्याच्या बाहेरून मारा, कडा उठावदार दिसाव्या म्हणून काळ्या कागदाच्या पट्ट्या लावा आणि स्वतः काळा शर्ट घाला. बटर पेपर किंचित पिवळसर असतो, म्हणून तो लावून झाल्यावर, त्याच्या आत कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स घ्या. एवढं केल्यावर प्रोफाइलने सुधारायला फारसं उरत नाही.

हळदीचं दुखणं वेगळं आहे. ताज्या ओल्या हळदीचा पिवळा इतका गडद असतो की एसआरजीबीच्या काठावर जातो. निळा चॅनल शून्याला टेकतो आणि नवरदेवाचा गाल म्हणजे एक सपाट पिवळा डाग होतो. मिरचीत लाल चॅनल वर जाऊन फुटतो. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, हे दाखवत नाही, तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. उपाय एवढाच की एक्सपोजर थोडं खाली ठेवा, प्रोफाइल न्यूट्रल लावा आणि लाइटरूममध्ये त्या एका रंगाचं सॅच्युरेशन उतरवा. लोक नेमकं उलटं करतात, हळदीच्या फोटोवर व्हायब्रन्स वाढवतात.

आता मंगल कार्यालयातले एलईडी. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या लाइटखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ८० किंवा ९० लिहिलेला असतो. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी आहे. गडद लाल त्यात धरलेलाच नाही, त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नाइन. स्वस्त एलईडीत हा आर-नाइन फार खाली असतो, म्हणून कुंकू तपकिरी दिसतं, डाळिंबी शालू विटलेला दिसतो आणि चेहरे आजारी. जो लाल प्रकाश लाइटमध्येच नाही तो प्रोफाइल कुठून आणणार? त्या लाइटचं प्रोफाइल केलं तर थोडा फरक पडतो, पण तुमचा स्वतःचा फ्लॅश मारणं जास्त कामाचं. नवा व्हिडिओ लाइट घेताना दुकानदाराला आर-नाइन विचारा. त्याला माहीत नसेल तर तो लाइट घेऊ नका.

आणि रिसेप्शनच्या स्टेजवर निळे-जांभळे पार लाइट (स्टेजचे रंगीत झोत) फिरत असतील तर तिथे प्रोफाइल, कार्ड, काहीच चालत नाही. निव्वळ निळ्या प्रकाशात लाल शालू काळाच दिसणार. डीजेवाल्या भाऊला गोड बोलून घरच्यांच्या फोटोपुरते दहा मिनिटं ते बंद करून घ्या.

दोन कॅमेरे, एक लग्न

इथे प्रोफाइल पैसे वसूल करून देतं. सीझनमध्ये एका दिवशी तीन-तीन लग्नं लागतात, मग दुसऱ्या गावचा मित्र त्याचा कॅमेरा घेऊन येतो. तुमचा कॅनन, त्याचा सोनी. अल्बमच्या एकाच पानावर तीच नवरी डावीकडे गुलाबी आणि उजवीकडे पिवळसर.

दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच तक्त्याचा, एकाच उजेडात, पाच मिनिटांच्या आत फोटो काढा. दोघांची वेगळी प्रोफाइलं करा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या फाइलींना ज्याचं त्याचं लावा. व्हाइट बॅलन्स मात्र दोघांनी एकाच कार्डावरून घ्यायचा. नंतरचे बदल, म्हणजे कॉन्ट्रास्ट आणि प्रीसेट (आधी जपून ठेवलेली सेटिंग), दोन्हींवर सारखेच टाका. आधी प्रीसेट टाकून मग जुळवत बसलात तर रात्र जाईल.

तक्ता नसेल तर दोन्हीकडे 'ॲडोबी स्टँडर्ड' लावा आणि व्हाइट बॅलन्स जुळवा. शंभर टक्के जुळत नाही, पण अल्बममध्ये खपून जातं. 'कॅमेरा मॅचिंग' नावाची प्रोफाइलं अशा वेळी लावू नका. प्रत्येक कंपनीचा आपापला रंग दाखवणं हेच त्यांचं काम, ती दोन कॅमेऱ्यांतला फरक वाढवतात.

कागद, पोथ्या, चित्रं

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत तशा जुन्या हस्तलिखितांचं काम कधी मिळालं, किंवा एखाद्या चित्रकाराने कॅटलॉगसाठी बोलावलं, तर तिथे 'छान दिसतं' हा निकष चालत नाही. जुन्या कागदाचा पिवळेपणा, शाईचा तपकिरी उतार, शेंदराच्या समासरेषा, यात अभ्यासकाला माहिती दिसते. व्हाइट बॅलन्स कागदावरून घेतलात तर कागद पांढरा होईल आणि ती माहिती पुसली जाईल.

कागद सपाट ठेवा, दोन सारखे लाइट दोन बाजूंनी साधारण ४५ अंशांत लावा, प्रोफाइल त्याच मांडणीत करा. रोज काम सुरू करताना एक फ्रेम तक्त्याची काढा, आणि शक्य असेल तर प्रत्येक पानाच्या कडेला छोटी रंगपट्टी येऊ द्या. पुढे कुणाला शंका आली तर मोजायला पुरावा फाइलमध्येच राहतो. अशा कामाचे दर ठरवताना तक्त्याची किंमत आणि त्या एका दिवसाची मांडणी धरा, लग्नाच्या दरात बसवू नका.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे

आधी ग्रे कार्ड. मग मॉनिटर मोजायचं यंत्र, भागीत चालेल. मग बरा फ्लॅश किंवा बरा एलईडी. साड्यांचं, दोन कॅमेऱ्यांचं किंवा नकलेचं काम हातात असेल तरच तक्ता.

तक्ता घेतलाच तर चौकोनांना बोट लावू नका, घामाचे डाग जात नाहीत. काम झालं की मिटून पिशवीत ठेवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे गाडीच्या डॅशबोर्डवर तो दुपारभर उघडा राहिला तर रंग विटायला वेळ लागत नाही. उत्पादक दोनेक वर्षांनी नवा घ्यायला सांगतात. रोज उन्हात वापरत असाल तर ते ऐका, स्टुडिओत मिटून ठेवत असाल तर थोडा जास्त चालतो. कॅमेरा बदलला किंवा स्टुडिओतले लाइट बदलले की प्रोफाइल नवं करा. फक्त लेन्स बदलली म्हणून करायची गरज सहसा पडत नाही. जुनी पिवळट पडलेली लेन्स असेल तर मात्र कार्डावरून व्हाइट बॅलन्स नव्याने घ्या.